आबा गेले नाहीत त्या दिवशी

माझी बायको सुमती ज्येष्ठात वारली. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि थोड्याच दिवसांत मी पळायला लागलो.

हे मी अनेकांना सांगितलं आहे. सुमतीचं ऐकून लोक मान हलवतात. पळण्याचं ऐकून ते माझ्या पायांकडे बघतात. तेव्हा मी पनवेलच्या एका शाळेत इतिहास शिकवत होतो. पन्नाशी उलटून गेली होती. त्याआधी आयुष्यात मी एकदाच पळालो होतो (मागे गाय होती).

सुमती पहाटे उठून बंब पेटवायची. राख झाडणं, ढलप्या फोडणं, झाकण ठेवणं, या आवाजांनी मला जाग यायची, आणि कूस बदलून मी पुन्हा झोपायचो. ती गेल्यावर त्याच वेळेला जाग येत राहिली, आता काहीच आवाज नाही म्हणून. मग कूस बदलून उपयोग होत नसे. पहिले काही दिवस चालून पाहिलं. चालणाऱ्याला सोबत मिळते. कोणी ना कोणी शेजारी येऊन "फार वाईट झालं हो मास्तर" म्हणतो आणि नदीपर्यंत तेच म्हणत राहतो. पळणाऱ्याबरोबर कोणी येत नाही.

पण बायको गेलेल्या माणसाने विनाकारण पळणं त्या काळच्या पनवेलात चालण्यासारखं नव्हतं. माझी थोरली बहीण आक्का सुमतीच्या मागे घर सांभाळायला आली होती. तिने मला दारातच अडवलं.

"कुठे चाललास?"

"पळायला."

"कोणाला आणायला?"

"कोणाला नाही. पळणार आणि परत येणार."

आक्काने थोडा विचार केला. "पोट बिघडलंय का तुझं?"

तेव्हा मला कारण शोधावं लागलं. मुंबईत थंडीच्या दिवसांत लांब पल्ल्याची शर्यत होते असं वर्तमानपत्रात वाचलं होतं. मी म्हटलं, "मॅरेथॉनचा सराव करतोय." इतिहासाच्या मास्तराला हा शब्द सोयीचा होता. दर वर्षी वर्गात ती गोष्ट मी रंगवून सांगत असे. ग्रीक शिपाई रणांगणावरून धावत शहरात आला, जिंकल्याचा निरोप सांगितला आणि कोसळला. आक्कालाही सांगितली.

"म्हणजे निरोप सांगितला आणि मेला?"

"हो."

"मग तू कोणता निरोप घेऊन चाललायस?"

"कोणताच नाही."

"मग निदान मरू तरी नकोस. घरात लग्नाची मुलगी आहे."

आमची हवा ज्यांनी अनुभवली नाही त्यांना सांगतो. खाडीवरून जी दमट वाफ येते तिच्यात सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी घडी करताना हाताला ओलंच लागतं. तिथे धावणाऱ्या माणसाचं काय होणार? ड्रिलमास्तरांकडून मी कॅनव्हासचे बूट मागून घेतले. पळस्प्याच्या फाट्यापर्यंत जाईतो ते घामाने भरत आणि पावलागणिक बेडकासारखे ओरडत. कुत्री मागे लागायला लागली तेव्हा बूट सुटले. मग अंगाला चिकटतो म्हणून सदरा सुटला. मग बनियन. आश्विन उजाडेपर्यंत माझा पोशाख ठरून गेला होता. पाय अनवाणी, अंग उघडं, धोतर खोचलेलं, खांद्यावर ओला पंचा, आणि डोळ्यांत खारट घाम जाऊन ते लालभडक.

"एकदा आरशात बघ," आक्का म्हणाली. "माणसाचा असा अवतार एकाच वेळी असतो. मसणातून आंघोळ करून येताना."

"घाम आहे तो, आक्का."

"मला माहीत आहे. रस्त्यावरच्या माणसांना कसं कळणार?"

माझी मुलगी कुसुम आतून म्हणाली, "अण्णा, सदरा तरी घालत जा हो." मी घातला नाही. मुलीचं ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

रस्त्यावरच्या माणसांना खरोखरच कळत नव्हतं. कोन गावचा चांगा भाजीची गाडी घेऊन बाजाराला यायचा. त्याने एका सकाळी बैल थांबवले.

"मास्तर, कोन गेला?"

"कोणी नाही."

"मंग कोन जातंय?"

"कोणी जात नाही, चांगा. मी सराव करतोय."

चांगाने माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "करा, करा सराव. आमी कोनाला नाय सांगनार."

माघात कुसुमचं लग्न ठरलं. मुलगा शिरढोणचा, नोकरीला पेणला. त्याचे वडील तात्या, भाताच्या गिरणीचे मालक, माणूस सरळ पण शकुन-अपशकुन फार मानणारा. आमच्याकडे आई किंवा बाप गेला तर घरातलं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. सुमतीचं वर्ष ज्येष्ठात संपत होतं. शिवाय कुसुम आमची थोरली, मुलगाही थोरला, आणि थोरल्याचं लग्न ज्येष्ठ महिन्यात लावत नाहीत. म्हणजे वैशाख हाच शेवट. वैशाखाच्या अखेरीचा मुहूर्त निघाला. तात्यांनी बैठकीतच सांगून टाकलं, "मास्तर, हा मुहूर्त चुकला तर तीन वर्षं आम्ही थांबणार नाही. राग मानू नका." मी राग मानला नाही. कुसुम आत सुपारी कातरत होती, तो आवाज मात्र थांबला. तिला मुलगा आवडला होता. ती बोलली नव्हती, पण सुमती गेल्यापासून त्या घरात एवढी एकच गोष्ट कोणाला आवडली होती.

या मुहूर्तावर एकच सावली होती, आणि तिचं नाव आबा.

आबा म्हणजे तात्यांचे सख्खे काका. ते आमच्यापासून दोन घरं सोडून आपल्या सुनेजवळ राहत. ऐंशी कधीच ओलांडलेली. तीन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. दर अमावास्येला त्यांचं आटपत येई, सून गंगेची लोटी उशाशी आणून ठेवी, आणि प्रतिपदेला ते कांदेपोहे मागत. आबा गेले की तात्यांच्या घरी दहा दिवसांचं सुतक, आणि मुहूर्त हातचा जाणार. म्हणून तात्यांनी मला बजावून ठेवलं होतं, "तुम्ही शेजारी आहात. आबांचं काही बरंवाईट झालं तर ताबडतोब माणूस धाडा. एस.टी.ची वाट बघू नका."

आक्कानेही मला बजावलं होतं. पळस्प्याच्या पुढच्या वडावरून मागे फिरायचं. व्याह्यांच्या गावात हा अवतार दिसता कामा नये. मी रोज वडाला हात लावून परतत असे.

लग्न चार दिवसांवर आलं. संध्याकाळी आक्काने कन्यादानाचा विषय काढला. विधुराने एकट्याने कन्यादान करायचं नाही, जोडपं लागतं. माझा चुलतभाऊ वसंता आणि त्याची बायको करतील असं तिने ठरवलं होतं.

"मग मी कुठे बसू?" मी विचारलं.

"तू बस की. मांडवात कुठेही बस."

"कुठेही म्हणजे?"

"पाहुण्यांत," आक्का म्हणाली, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण लगेच ती दूध उतू गेल्यासारखी आत गेली. दूध चुलीवर नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे हवा अशी होती की श्वास घेण्याऐवजी प्यावा लागत होता. मी पळायला लागलो. पळताना मी मुलीच्या लग्नात पाहुण्यांत बसलो होतो. शेजारचा माणूस मला विचारत होता, आपण कुठल्या बाजूचे? त्याला काय उत्तर द्यावं हे ठरवण्यात वड कधी मागे गेला ते कळलं नाही. भानावर आलो तेव्हा पोटरीत पेटका आला होता, जीभ टाळ्याला चिकटली होती आणि समोर शिरढोणची घरं दिसत होती. त्या गावात माझ्या ओळखीचं घर एकच होतं. मी तिकडे लंगडत पळालो. (चाललो असतो तरी चाललं असतं. पण पाय ऐकत नव्हते.)

तात्यांच्या दारात मांडव उभा होता. एका बाजूला आचारी बुंदी पाडत होता. तात्या ओटीवर चहा पीत बसले होते. मी मांडवाचा खांब धरून उभा राहिलो. अनवाणी, उघडा, नखशिखांत ओला, लाल डोळ्यांचा. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"गेले?" ते म्हणाले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. श्वास आला, शब्द आला नाही. मी हाताने पाणी मागितलं. तात्यांनी मान हलवली. "पाणी आत्ता कसं द्यायचं, मास्तर? आंघोळी होऊ द्या."

निरोप्याला आंघोळी झाल्याशिवाय पाणी देत नाहीत, ही रीत मलाही ठाऊक होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दोन्ही हात हलवून कसंबसं म्हटलं, "नाही, नाही."

"असंच वाटतं पहिल्यांदा," तात्या म्हणाले. "पण त्यांचं वय झालं होतं."

एवढ्यात आतून बायका आल्या. तात्यांच्या वहिनीने पदर तोंडाला लावला आणि आबांच्या नावाने हंबरडा फोडला. मागोमाग दुसरीने. मग तिसरीने. तीन वर्षं सगळे ज्याची वाट बघत होते त्या म्हाताऱ्यासाठी त्या रडत होत्या, पण रीतीप्रमाणे, आवाज चढवत, उतरवत, नीट रडत होत्या. ते ऐकता ऐकता मी खांब सोडला.

सुमती गेली त्या दिवशी मी रडलो नव्हतो. डॉक्टरला आणायला मी गेलो, लाकडं सांगायला मी गेलो, भटजींकडे मी गेलो. मग लोक आले, आणि येईल त्याला मीच धीर दिला. तेराव्याला पंगती मीच वाढल्या. सगळे गेल्यावर रडावं असं मनात होतं, पण मग ते येईना. वर्षभर आलं नाही. ते शिरढोणच्या अंगणात, परक्या म्हाताऱ्याच्या नावाने, भर सकाळी आलं. मी मातीत बसलो आणि रडलो. खरं सांगायला हवं होतं हे मला कळत होतं. आबा बरे आहेत, एवढे तीन शब्द. पण पहिला शब्द उच्चारायला जावं तर नुसता हुंदका येई, आणि आबांचं नाव घेऊन हुंदका देणाऱ्याकडून आणखी कसला पुरावा कोणी मागत नाही.

"बघा," तात्या घरच्यांना म्हणाले, "अजून सोयरीक पुरी झाली नाही, आणि हा माणूस किती रडतोय." मग त्यांनाही लाज वाटून रडू आलं.

पुढे सगळं भराभर झालं. चुलीवर पाणी ओतलं गेलं. आचारी म्हणाला, "पाक उतरवलाय, बुंदी अर्धी झालीय, तिचं काय करू?"

"गाईला घाल."

"एवढ्या गाई गावात नाहीत, मालक."

मांडवाची तोरणं उतरली. विहिरीवर सगळे नेसत्या वस्त्रांनिशी आंघोळीला बसले. मलाही बसवलं आणि डोक्यावर घागर ओतली. ओघळून तोंडात आलं तेवढं पाणी मी प्यायलो. सकाळपासून मिळालेलं ते पहिलं पाणी. त्याने आवाज फुटला खरा, पण तोपर्यंत बांबू गाडीत घालून तात्या आणि दोन भाऊबंद पनवेलला निघून गेले होते.

तात्यांची बायको, आमच्या होणाऱ्या विहीणबाई, ओल्या लुगड्याचा पदर पिळत माझ्यासमोर थांबल्या. त्या फार बोलत नसत. बाकीच्या बायका रडत होत्या तेव्हाही त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"मास्तर, आबांना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल संध्याकाळी."

"कसे होते?"

"पोहे खात होते."

"आणि आज?"

"आज मी पाहिलेलंच नाही."

त्यांनी पदर पिळायचा थांबवला. "मग रडलात कोणासाठी?"

मी सुमतीचं नाव सांगितलं. त्यांनी पदर खोचला. गड्याला हाक मारून म्हणाल्या, "दुसरी गाडी जोड. आणि बैलांना पळव. हे सगळे त्या दारात जाऊन ओरडले तर म्हातारा खराच जाईल."

आम्ही पोचलो तेव्हा आबांच्या दारात गर्दी जमली होती. आबांना ओटीवर आणून बसवलं होतं, सून त्यांना चमच्याने पेज भरवत होती. समोर तात्या आणि भाऊबंद ओलेते उभे होते. मागे गाडीत बांबू.

"काय रे, भिजलास कसा?" आबांनी विचारलं.

तात्या सरकून बांबूंच्या पुढे उभे राहिले.

"कोण गेलं?"

"आबा, तुम्ही."

आबांनी पेज गिळली आणि थोडा विचार केला. "केव्हा?"

कोणीतरी हसलं. तात्या हसले नाहीत. त्यांनी मला गाडीतून उतरताना पाहिलं, आणि गिरणीवर हमालांशी बोलत त्या आवाजात ते बोलले.

"लग्नघरात सुतकाची आंघोळ झाली, मास्तर. चुली विझवल्या. तोरणं उतरवली. आता त्या मांडवात लग्न कसं लावायचं? मुलीच्या बापाने पंचा लावून गावोगाव धावायचं, ही काय रीत झाली? मला हे लक्षण बरं दिसत नाही."

आमच्या दारात आक्का उभी होती. तिच्या मागे कुसुम, चौकट धरून. ती माझ्याकडे बघत नव्हती, तात्यांकडे बघत होती. मी बोलायला हवं होतं. वर्गात मी तासभर न थांबता बोलतो. तिथे मला, "तात्या, वैशाख संपतोय," एवढंच सुचलं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"थांब रे तात्या," आबा म्हणाले. "तू रडलास का?"

"रडलो, आबा."

"आपला आपण रडलास, की मास्तर रडला म्हणून?"

तात्यांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तू रडलास?"

"रडलो."

"उगीच, लोकांना दाखवायला?"

"नाही, आबा."

आबांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग कुसुमकडे. "आबा," त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत बाप्या माणसाला असं रडताना मी पाहिलं नाही." त्यात खोटं काही नव्हतं. कोणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलं नाही.

आबांनी चमचा बाजूला सारला. "माझ्या रक्ताच्या माणसांनी आंघोळ उरकली आणि बांबू घेऊन आले. हा परका माणूस मातीत बसून रडला. आणि याची मुलगी तू सोडतोस? अरे, खोटी बातमी उठली म्हणजे माझं आयुष्य वाढलं. याहून चांगला शकुन कुठला पाहिजे तुला? भटजीला बोलाव. आजच देवक बसव. देवक बसल्यावर मी गेलो तरी लग्नाला सुतक लागत नाही."

"मुहूर्ताला अजून तीन दिवस आहेत," तात्या म्हणाले.

"मग तीन दिवस मी थांबतो."

भटजींनी पंचांग पाहिलं आणि आबांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे असं सांगितलं.  शेवटी तात्यांनी धोतर पिळलं आणि भाऊबंदांना म्हणाले, "बांबू परत न्या. मांडवाला लागतील." कुसुम तोवर आत गेली होती. थोड्या वेळाने सुपारी कातरण्याचा आवाज आला.

लग्न झालं. वसंताने आणि त्याच्या बायकोने कन्यादान केलं. आबांना खुर्चीत घालून आणलं होतं, आणि त्यांच्या हट्टामुळे मला त्यांच्या शेजारी बसवलं होतं. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं. वसंता उदक सोडत असताना ते मधून मधून वाकून माझ्या डोळ्यांत बघत होते. पण त्या दिवशी मला रडू आलं नाही. आबांची थोडी निराशा झाली.

मुंबईची शर्यत मी कधीच पळालो नाही. फक्त पळत राहिलो, सदरा घालून.

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. कुसुमला दोन मुलं आहेत, ती सुखात आहे. विहीणबाई भेटतात, फार बोलत नाहीत. आक्का गेली. तात्याही गेले, अगदी अचानक. शिरढोणला निरोप सांगायला तेव्हा कोणाला पळावं लागलं नाही, ते घरीच गेले. माझे गुडघे आता उंबरा ओलांडतानाच तक्रार करतात, त्यामुळे मॅरेथॉन वर्गातच राहिली आणि मग वर्गही सुटला. रोज संध्याकाळी मी दोन घरं पलीकडे जाऊन बसतो. औषध वेळेवर घेतलं का, रात्री झोप लागली का, छातीत धडधड तर नाही ना, अशी माझी बारीक चौकशी होते. माझ्यासारखा रडणारा दुसरा मिळणार नाही, म्हणून मी धडधाकट राहायला हवं.

सुमती नाही. आबा आहेत.